एकीला सुट्टी

कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज चढत चढत गेला, ओवी म्हणणाऱ्या बाईचा दम तुटावा तसा मधेच तुटला, आणि पडदा काळा झाला. खोलीत एकदम बाहेरची दुपार शिरली. रस्त्यावरून जाणाऱ्या कुल्फीवाल्याची घंटी, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून कावळे हाकलणारी म्हातारी, सगळं ऐकू यायला लागलं.

"गेलं का?" माणिकरावांनी आतून विचारलं.

"गेलं."

"कुठपर्यंत आलं होतं?"

"नवरी निघाली होती. गाडीत बसायची राहिली."

ते ओल्या हातांनीच बाहेर आले. माझ्या खुर्चीमागं उभे राहून काळ्या पडद्यात दिसणारी आमची दोघांची तोंडं बघत म्हणाले, "काल अक्षतातच बसलं होतं. आज पाठवणीपर्यंत आलं. म्हणजे सुधारणा आहे."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

परभणीला, गंगाखेड रोडवर, घराच्या पुढच्या खोलीतच आमचं लग्नाच्या व्हिडिओचं काम चालायचं. शूटिंग माझे यजमान, माणिकराव, करायचे. धाकटे दीर विलास बुकिंग धरायचे आणि लग्नात लाइट घेऊन उभे राहायचे. मिक्सिंग माझ्याकडं. लग्न लागलं की कॅमेऱ्यातलं सगळं माझ्यापुढं येऊन पडायचं. त्यातली मामा-काकांची रुसारुशी काढायची, जेवणाऱ्यांची उघडी तोंडं काढायची, हळदीला एक गाणं, सप्तपदीला एक, पाठवणीला रडवणारं एक, असं सगळं मनासारखं बसवायचं आणि मग रेंडरला टाकायचं. म्हणजे त्या सुट्या तुकड्यांची मशीननं स्वतः बसून एक सलग फिल्म करायची. चुलीवर पातेलं ठेवल्यासारखं होतं ते. शिजेपर्यंत हलवायचं नाही. आणि मधेच जाळ गेला तर सगळं ओतून द्यायचं, पुन्हा पहिल्या गणपतीच्या फोटोपासून सुरू.

त्या वैशाखात जाळ जात नव्हता. उलट जाळच जास्त झाला होता. मशीन तापायचं, आपला जीव वाचवायला आपणच बंद पडायचं.

फोन वाजला. रुक्मिण, माझी धाकटी बहीण.

"अक्का, निघालीस का?"

"निघते गं."

"परवा पण निघतेच म्हणली होतीस."

"मशीन बंद पडायलंय बाई सारखं."

ती हळूच म्हणाली, "पोट खाली उतरलंय म्हणं. कलावतीकाकू बघून गेल्या. तू ये, अक्का. अण्णांना काय कळतंय त्यातलं? काल मला विचारायले, गरम पाणी नेमकं कशाला लागतं म्हणून."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. रुक्मिणच्या सासरच्यांनी ती पाळली होती. ओटी भरून, हिरव्या साडीत तिला उदगीरजवळच्या आमच्या गावी आणून सोडलं होतं. पण आमचं माहेर म्हणजे दोन खोल्या, एक कडुलिंब आणि आमचे वडील, अण्णा. आई रुक्मिणच्या लग्नाआधीच गेली. ज्या बाईच्या भरवशावर ती रीत उभी असते, ती बाईच त्या घरात नव्हती. तिच्या जागी मी जायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

"फौजीचं लग्न हातावेगळं केलं की निघते," मी म्हटलं.

"कोण फौजी?"

"आहे एक. रविवारी जायचाय तो परत."

"मग मी पण फौजीच की," ती म्हणाली. "एकटीच लढायलेय." आणि हसली. रुक्मिणचं हसणं लहानपणापासून असंच, रडण्याच्या अगदी शेजारी राहणारं.

फोन ठेवला तेव्हा माणिकराव मशीनचा डबा उघडून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मान वर न करता म्हणाले, "तुलाच लवकर जाता यावं म्हणून केलं गं मी हे."

ते खरं होतं. रुक्मिण माहेरी आली तेव्हापासून त्यांनी मनावर घेतलं होतं. लग्नसराईत माझी सुटका व्हायची तर कामं लवकर उरकली पाहिजेत, आणि कामं उरकायची तर मशीन जोरात पळालं पाहिजे. कुठले कुठले व्हिडिओ बघून त्यांनी मशीनच्या पोटातली चाल वाढवून ठेवली होती. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. कंपनीनं नेमून दिलेल्या चालीपेक्षा जास्त पळवायचं. पहिल्या दिवशी एक साखरपुडा बघता बघता शिजून निघाला आणि हा माणूस खोलीत चक्क नाचला. "बघ, बघ! तू उद्या जाशील!" आत्याबाई, माझ्या सासूबाई, दारातून म्हणाल्या होत्या, "घोड्याला चाबूक मारून काय नाचायलाय, ते गावाला पोचू तर दे."

घोडं साखरपुड्यापर्यंतच चांगलं धावलं. फौजीचं लग्न मोठं होतं. तीन तासांची फिल्म, आणि बाहेर अंगाची लाही लाही.

नांदेडच्या ज्या माणसाकडून मशीन घेतलं होतं त्यानं फोनवर सांगितलं, प्रोसेसरवरची ताप ओढून घेणारी पेस्ट वाळली असेल, पुसून नवी लावा. माणिकरावांनी ती आणली. नवरदेवाच्या गालाला हळद लावावी तशी जपून बोटानं लावली. मशीन चालू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात तापाचे आकडे दिसायचे, त्यांच्याकडं दोघं बघत बसलो.

"उतरला," ते म्हणाले. "पाच-सहा अंशांनी उतरला बघ."

"वरचा मोठा आकडा काय बघता? तो सगळ्यांचा मिळून आहे. खालचे बघा."

खाली चार आकडे होते. प्रोसेसर एकच, पण त्याच्या आत कामाला चार कोअर असतात. चौघांचा ताप वेगवेगळा दिसतो. तीन आकडे सत्तरीच्या आत-बाहेर खेळत होते. पहिला एकटाच नव्वदीच्या पुढं जाऊन बसला होता.

"असं कामून?" माणिकराव पुढं झुकले. "पंखा एकच, पेस्ट एकच. हिलाच ताप?"

कोअरला 'ही' म्हणायची सवय आम्हाला त्या दिवशी लागली.

"अयोध्ये!" आतून आत्याबाईंची हाक आली. "दूध बघ गं, वर यायलंय."

मी उठले. स्वयंपाकघरात विलासभाऊजी ओट्यालाच टेकून पाणी पीत उभे होते. दुधाचं पातेलं त्यांच्या कोपराजवळ. मी गॅस बारीक केला.

"मी बघतच होतो वहिनी," ते म्हणाले. "उतू जायलं असतं तर हाक मारणारच होतो."

"मशीन परत बंद पडलं तर काय करायचं, ते सांगा."

"कूलर लावा की त्याला. एक दिवस आपण घामात बसू, काय होतंय."

तसंही केलं. आत्याबाईंच्या खाटेपाशी असलेला मोठा कूलर ओढत पुढच्या खोलीत आणला, उघड्या डब्यासमोर उभा केला. वाळ्याचा वास सगळ्या खोलीत भरला. थोड्याच वेळात डब्याच्या पत्र्यावर बारीक दवासारखं पाणी दिसायला लागलं आणि माणिकरावांनी ओरडतच कूलरचं बटण बंद केलं. आत्याबाई पदरानं वारा घेत दारात आल्या.

"झालं? थंड झाला का जावई?"

"आई, तू गप बस गं."

"गपच हाय. माणसं उकडून मरायलीत अन् डब्याला वाळ्याचं वारं."

मशीन पुन्हा चालू झालं. पुन्हा गणपतीचा फोटो. पुन्हा मुंडावळ्या, पुन्हा तेच मामा. मला त्या लग्नातलं सगळं पाठ झालं होतं. नवरीच्या मागं उभी असलेली करवली कितव्या मंगलाष्टकाला जांभई देते तेही. डोळ्यांच्या मागं काहीतरी ठणकत होतं. माणिकरावांनी चहा आणून दिला तो कडू लागला. मी म्हटलं, साखर घातली नाही वाटतं. ते म्हणाले, नेहमीएवढीच घातलीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी फौजी स्वतःच आला. हनुमंत त्याचं नाव. दारातच उभा राहिला, चप्पल काढून. बसा म्हटलं तरी बसेना.

"घाई नाही वहिनी. सहज आलतो."

"भाऊ, मशीन त्रास द्यायलंय. पण देते मी तुम्हाला."

"रविवारी सकाळची गाडी हाय, एवढंच." तो थोडा थांबला. हातातली टोपी फिरवत म्हणाला, "तिकडं काय नसतं बघा. फोन लागत नाही. मग आमच्यातले जण एकमेकांची लग्नं बघतात. एक लॅपटॉप हाय, त्याच्यावर. सगळ्यांनी सगळ्यांची पाहिलीत. कुणाची सासू कुठं रडली, कुणाचा मेव्हणा पडला, सगळं ठाऊक असतंय. माझंच तेवढं राहिलंय."

मग तोच म्हणाला, "नाहीच झालं तर ऱ्हाऊ द्या. मी सांगीन तोंडी."

तो गेल्यावर माणिकराव बराच वेळ दाराकडं बघत होते. "तोंडी सांगणार म्हणं," ते म्हणाले. "तीन तासांचं लग्न."

असं होतं ते. एका बाजूला हा, एका बाजूला ती. रुक्मिणला थांब म्हणता येत नव्हतं, कारण ते तिच्या हातात नव्हतं. याला नाही म्हणता येत नव्हतं, कारण त्यानं मागितलंच नव्हतं. मधे मी, आणि कोपऱ्यातला तो नव्वदीचा आकडा. तो वर सरकला की माझी पाठ ताठ व्हायची. जणू मी श्वास धरला तर तो थांबणार होता.

मी दुसरा एक तक्ता उघडला. कुठली कोअर किती काम करतेय ते त्यात दिसतं. चार चौकोनांत चार रेघा. तिघींच्या रेघा खाली-वर, खाली-वर. पहिलीची वरच्या कडेला चिकटून सरळ गेलेली.

"अहो, हे बघा. आलेलं काम आधी हिच्याकडंच जातंय. हिला पुरेनासं झालं की मग दुसरीकडं."

"कामून पण?"

"काय माहीत. हाकेला हीच आधी उठत असंल."

माणिकरावांनी माझ्याकडं बघितलं. मी पडद्याकडंच बघत होते.

आत्याबाई ताटात गहू घेऊन उंबऱ्यावर निवडायला बसल्या होत्या. उकाड्यानं कुणालाच आत बसवत नव्हतं. त्यांची नजर पडद्यावर गेली.

"ते चार आकडे काय गं?"

"ताप आहे आत्याबाई. मशीनच्या आत चौघी बसल्यात कामाला. चौघींचा ताप."

"चार जणी?" त्यांनी ताट खाली ठेवलं. डोळे बारीक करून बघितलं. त्यांना अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. एसटीच्या पाटीपुरते, रेशनपुरते. "अन् ही पहिली येवढी का तापलीय?"

"तिच्याकडं काम जास्त."

"अन् ह्या तिघी?"

"त्या आहेत आपल्या."

आत्याबाईंना जात्यावरच्या ओव्या उदंड यायच्या. जातं जाऊन वीस वर्षं झाली होती, पण बोलता बोलता त्यांच्या तोंडून ओवी सांडायची. कधी जुनी, कधी त्याच क्षणी जुळलेली, आणि कुठली जुनी कुठली नवी हे त्यांनाही सांगता यायचं नाही. गव्हातला खडा उचलून बाहेर टाकत, पडद्याकडं बघत त्या गुणगुणल्या,

चौघी बसल्या दळाया, जातं एकीच्या ओढीनं,
तिघी गाती गं ओवी, एक भिजली घामानं.

पंखा घरघरत होता.

मग आत्याबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मग तिला उठवा की."

"आई, असं उठवता येत नसतं," माणिकराव म्हणाले. "ते मशीन आहे."

"कामून येत नाही? दळणाला बसलेली बाई घेरी येऊन पडायली तर तिला उठवतोच की आपण. का पडायची वाट बघत बसतो? ऱ्हायलेल्या तिघी ओढतील. दळण उशिरा होईल. होईना."

माणिकराव काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले. मग एकदम माझ्या हातातला माउस घेतला. "थांब. थांब हं. येतं. उठवता येतं, मी बघितलं होतं कुठं तरी."

चाललेलं काम आम्ही स्वतःच थांबवलं. बंद पडायच्या आधीच. मशीनची चाल त्यांनी थोडी उतरवली. ते करताना त्यांचा चेहरा हातातलं बक्षीस परत करणाऱ्या मुलासारखा झाला. मग रेंडर पुन्हा लावलं आणि कुठल्याशा आतल्या खिडकीत गेले. तिथं चौघींची नावं नव्हतीच, नुसते अंक होते आणि प्रत्येकापुढं बरोबरची खूण. त्यांनी पहिलीपुढची खूण काढली.

पंख्याचा सूर उतरला. लगेच नाही, उंच धरलेला स्वर गाणाऱ्यानं हळूहळू खाली आणावा तसा. पहिलीची रेघ पडली. नव्वदीतला आकडा ऐंशीत आला, मग सत्तरीत, मग साठीत. बाकी तिघींचे आकडे जरा चढले, पण कुणीच घाबरवण्याएवढी चढली नाही.

"किती वेळ म्हणतंय?" मी विचारलं.

"उद्या दुपारपर्यंत."

"लागू द्या."

"लागू द्या," तेही म्हणाले, आणि खुर्चीवरून घसरून तिथंच फरशीवर बसले.

आत्याबाईंनी गव्हाचं ताट उचललं. "पोरी, तुझी पिशवी भरलीय का?"

"उद्या दुपारी हे झालं की भरते. पेनड्राईव्हमध्ये घालून फौजीला देते अन् संध्याकाळच्या गाडीनं..."

"ते आपलं आपलं शिजायलंय ना आता?"

"हो, पण कुणीतरी बघायला लागतं."

"मी बघीन."

माणिकराव हसले. "आई, तू?"

"कामून? मला आकडे येत नाहीत? नऊ पुढं आला की हाक मारायची, येवढंच ना?"

"अन् काही अडलं मधेच तर?" हे त्यांनी आईला नाही, मला विचारलं.

"तर तू काय हाताला मेंदी लावून बसलायस?" आत्याबाईच म्हणाल्या. "अन् तो दुसरा कुठंय? इलास! ये इकडं. सकाळच्या पहिल्या गाडीला वहिनीला बसवून यायचं तू. जागा धरून द्यायची, नुसतं स्टँडवर सोडून पळायचं नाही."

"मी?" आतून विलासभाऊजींचा आवाज आला, झोपेतून उठवल्यासारखा.

"नाही, तुझा शेजारी."

मी उठायला गेले तर आत्याबाई माझ्या खुर्चीजवळ येऊन उभ्या होत्या. मी बाजूला झाले. त्यांनी लुगडं सावरलं, खुर्चीवर मांडी घालून बसल्या, आणि देवळात पोथीसमोर बसावं तशा त्या चार आकड्यांकडं बघायला लागल्या. खुर्ची थोडी फिरली तशी घाबरून म्हणाल्या, "अगं बाई, हे हालतंय!" मग आपणच हसल्या.

"आत्याबाई, हाक कुणाला मारायची?" मी विचारलं. काय सुचून विचारलं कुणास ठाऊक.

"मला," माणिकराव खालूनच म्हणाले.

विलासभाऊजींनी सकाळी खरंच खिडकीजवळची जागा धरून दिली. रुमाल टाकला, एका पैलवानाशी वाद घातला आणि पाण्याची बाटली खिडकीतून आत देत म्हणाले, "वहिनी, तिकडं गेल्यावर एक फोन करा. म्हणजे आम्हाला कळंल, तुम्ही इथं नाही म्हणून."

गाडी गंगाखेड ओलांडून अहमदपूरकडं लागली. दोन्ही बाजूंची रानं नांगरून काळी पडलेली, झाड दिसलं तर लांब कुठं एखादं. खिडकीतून भट्टीतलं वारं यायचं. सगळे पदर, रुमाल तोंडाला बांधून घेत होते ते उन्हासाठी. मीही घेतला. पण मला थंडी वाजत होती. शेजारची बाई म्हणाली, "ताई, इतकं गुरमटून बसलाव, जीव गुदमरंल की." मी म्हटलं, ऊन लागतंय. डोळे मिटले की आकडे दिसायचे. सत्तर, बाहत्तर, अडुसष्ट. आत्याबाईंची ओवी चाकाबरोबर फिरत राहायची. दुसरी ओळ आली की मी जागी व्हायची.

रुक्मिण दारातच उभी होती. पीठ लागलेले हात, पुढं आलेलं पोट, तेलाचा हात न लागलेले केस. मागं तव्यावर भाकरी करपत होती. ती काही बोललीच नाही. तिनं कोपरांनीच मला कवटाळलं, पिठाचे हात लांब धरून. मधे तिचं पोट होतं, आणि पोटात कुणीतरी मला एक लाथ मारली.

"आली बघा मावशी," मी म्हटलं. "ओळखलं का?"

अण्णा पुढं झाले. पिशवी घ्यायला त्यांनी हात लांबवला, माझी बोटं त्यांच्या हाताला लागली, आणि त्यांनी पिशवी न घेता मनगट धरलं.

"अयोध्या, हात भाजायलाय की तुझा."

"उन्हातून आले अण्णा."

"ऊन असं नसतं."

रुक्मिणनं पीठ साडीला पुसलं. पालथा हात माझ्या कपाळाला लावला, मग गळ्याला. आई लावायची तसाच. तिला ते आठवत असेल-नसेल.

"अक्का, कवापासून हाय हा ताप?"

"कळलंच नाही गं."

खरंच कळलं नव्हतं. त्या खोलीत सगळंच तापलेलं होतं.

गावातल्या डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबून बघितलं. टायफॉइड म्हणाले. बरेच दिवस अंगावर काढला असेल असंही म्हणाले. आणि रुक्मिणकडं बघून म्हणाले, हिच्याजवळ जायचं नाही. एका ताटात नको, एका खोलीत नको.

माझी खाट अण्णांनी कडुलिंबाखाली टाकली. जिच्यासाठी आले तिच्याकडं मी अंगणातून बघायची. ती दारातून माझ्याकडं बघायची. मधे अण्णा. पेज घेऊन इकडं यायचे, पाणी घेऊन तिकडं जायचे. त्यांना काही येत नव्हतं आणि ते सगळं करत होते. पेजेत कधी मीठ नसायचं, कधी दोनदा असायचं. कलावतीकाकू कुंपणावरून ओरडून सांगायच्या, "अण्णा, तांदूळ आधी धुतेत हो!"

रुक्मिणच्या कळा सुरू झाल्या तेव्हा मी उठून उभी राहिले आणि पुन्हा खाली बसले. जीप आली. काकूंनी तिला धरून बसवलं, अण्णा पुढं चढले. जीप निघताना रुक्मिणनं कापडी पडदा बाजूला केला.

"मला येता आलं नाही गं," मी म्हटलं.

"आलीस की," ती दातावर दात धरून म्हणाली. "दारात आलीस, बास झालं. तू पड आता."

ती दुपार मी आयुष्यात विसरणार नाही, आणि तिच्यात काहीच घडलं नाही. एक मुंगळा खाटेच्या पायावरून वर आला आणि गेला. लिंबाच्या निंबोळ्या पडत राहिल्या. मी कुणाचंच काही करत नव्हते. ते आधी दुखत होतं. मग दुखायचं थांबलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा जीप परत आली, नुसत्या अण्णांना घेऊन. धोतराला, सदऱ्याला कसले कसले डाग. माझ्यापासून चार हात लांब उभे राहिले, हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"मुलगी," ते म्हणाले. "दोघी बऱ्या. सिस्टरनं माझ्याच हातात दिली आधी. दुसरं कुणी नव्हतं ना. मला धरता येईना." त्यांनी दोन्ही हात पुढं केले, अजून तिथं कुणी असल्यासारखे. "तर तीच गप झाली."

मला रडू आलं. अण्णा घाबरून पेज गरम करायला गेले.

दोन-चार दिवसांनी रुक्मिण लेकीला घेऊन घरी आली. आतल्या खोलीतून ते नवं रडणं अंगणात यायचं. माझा ताप उतरत होता, पण मान उचलली की झाड फिरायचं. एका दुपारी माणिकरावांचा फोन आला. फौजी फिल्म घेऊन रविवारी वेळेवर गेला, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आत्याबाईंनी त्यांना दोनदा विनाकारण हाक मारून उठवलं, हेही. तापाचं कळल्यापासून त्यांचा आवाज बदलला होता. मी येतो म्हणत होते. मी नको म्हटलं होतं.

"बरं वाटायलंय का?"

"हो."

"एक विचारायचं होतं." ते अडखळले. "वाघमाऱ्यांचं लग्न मिक्सिंगला घेतलंय मी. हळद झाली. सप्तपदी झाली. पाठवणीला कुठलं गाणं घालू? तू नेहमी जे घालतेस... बाप बाजूला तोंड फिरवतो, तिथं. मला सापडंना."

मला ठाऊक होतं. गाणं ठाऊक होतं, ते कुठं ठेवलंय ते ठाऊक होतं, बापानं तोंड फिरवल्यावर किती थांबून सुरू करायचं तेही. जिभेच्या टोकावर होतं.

"मला नाही ठाऊक," मी म्हटलं. "तुम्ही बघा."

मग त्यांचा आवाज, फोनपासून जरा लांब गेलेला, "विलास, ये रे इकडं, हे गाणं शोध." मग विलासभाऊजी, "कुठलं?" मग आत्याबाई, "मला लावून दाखवा, कुठल्याला रडू येतंय ते मी सांगते." एक गाणं वाजलं. "ह्याला नाही," आत्याबाई म्हणाल्या. दुसरं वाजलं.

मी फोन बंद केला नाही. उशाशी ठेवला. तिघं जणं शोधत होती, चुकत होती, एकमेकांवर ओरडत होती. ऐकता ऐकता माझा डोळा लागला.